तुझे नाव काय?

दरवर्षी पावसाळा सुरू झाला, की महाविद्यालयात प्रवेशाची आणि त्यापाठोपाठ शिष्यवृत्तीच्या अर्जांची गडबड उडते. पूर्वी ही रांग कार्यालयाच्या खिडकीपुढे लागत असे, आता ती गावातल्या संगणक केंद्रापुढे लागते, एवढाच फरक. शाळा सोडल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधार कार्ड, बँकेचे पासबुक असा सगळा संसार प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आपण सारे तिथे उभे असतो. अर्जात एक रकाना धर्माचा असतो. बहुतेकांना तो भरताना क्षणभरही विचार करावा लागत नाही. आमच्यापैकी काहींना मात्र तिथे थांबावे लागते. त्या थांबण्याविषयी मला चार शब्द लिहायचे आहेत.

मी ख्रिस्ती घरात वाढलो. रविवारच्या उपासनेत 'मोह' या विषयावर लहानपणापासून पुष्कळ उपदेश ऐकले. मोह म्हटला, की दारू, जुगार, वाईट संगत, सिनेमा आणि अलीकडे मोबाईल एवढी यादी ठरलेली असते. ती यादी चुकीची आहे असे मी म्हणणार नाही. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. परंतु ह्या मोहांना निदान तोंड तरी असते, ते ओळखू येतात. दारूच्या दुकानात शिरणाऱ्याला आपण कुठे चाललो आहोत हे ठाऊक असते. मला भीती वाटते ती दुसऱ्या प्रकारच्या मोहाची. तो चांगल्या कारणाचे कपडे घालून येतो. तो आईच्या कष्टांची आठवण करून देतो, भावाच्या शिक्षणाचे नाव घेतो, आणि आपण त्याच्या मागे जातो तेव्हा आपण काही वाईट करीत आहोत असे आपल्याला वाटतदेखील नाही.

माझे म्हणणे समजण्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगणे भाग आहे. ज्या वाचकांना ती ठाऊक आहे त्यांनी क्षमा करावी.

जालन्याजवळ बेथेल नावाची वसाहत आहे. ती वसवणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री हे जन्माने ब्राह्मण. मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकत असताना त्यांना ख्रिस्ताची ओळख झाली आणि १८४३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहत होता. तो अल्पवयीन असल्याने वडील न्यायालयात गेले आणि न्यायालयाने मुलाला वडिलांच्या हवाली केले. पुढे त्याला शुद्ध करून जातीत परत घ्यावे की नाही, यावर मुंबईत मोठे वादळ उठले. त्याला परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी बाजू घेतली आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. ह्या सगळ्या गदारोळात त्या पोराला स्वतःला काय वाटत होते, हे कोणी विचारले असेल असे वाटत नाही. त्याचे नाव कोणत्या बाजूला लिहायचे हे मोठ्यांनी ठरवले.

नारायणराव मात्र वयाने मोठे होते. त्यांनी आपले नाव स्वतः लिहिले आणि ते पुसले नाही. १८६० नंतरच्या दशकात ते जालन्याला आले. त्या वेळी हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. दिवाण सर सालारजंग यांच्या राजवटीत मिळालेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल वसवले. तिथे जे लोक आले ते बहुतांशी मांग आणि महार समाजातले. ज्यांची सावली ब्राह्मणाला चालत नसे, त्यांच्याबरोबर एक ब्राह्मण राहू लागला. १८७३ साली न्यूयॉर्कमध्ये भरलेल्या ख्रिस्ती परिषदेत ते बोलले, स्कॉटलंडात आणि अमेरिकेत त्यांचा सन्मान झाला. विलायतेत किंवा मुंबईत सुखाने राहता आले असते, तरी ते पुन्हा ह्या धुळीत परत आले. १८९१ साली परदेशाच्या प्रवासातच समुद्रावर त्यांचे देहावसान झाले. आपण त्यांच्या बाप्तिस्म्याची गोष्ट सांगतो, कारण तीत नाट्य आहे. पण बाप्तिस्मा एका दिवसाचा असतो. त्या दिवसापासून मृत्यूपर्यंत ४८ वर्षे होतात. मला कौतुक वाटते ते त्या ४८ वर्षांचे.

आता त्या वसाहतीत आणि आसपासच्या खेड्यांत ज्यांनी बाप्तिस्मा घेतला त्यांच्या नातवंडा-पणतवंडांकडे या. आमचे पूर्वज त्यांतलेच. धर्म बदलला म्हणून पाण्याची विहीर बदलली नाही. गावाने त्यांना जुन्याच नावाने हाक मारली. देश स्वतंत्र झाला, संविधान आले आणि १९५० साली अनुसूचित जातींविषयीचा राष्ट्रपतींचा आदेश निघाला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाने ठरवले, की हिंदू धर्माखेरीज अन्य धर्म पाळणारा माणूस अनुसूचित जातीचा मानला जाणार नाही. १९५६ साली त्यात शिखांची भर पडली आणि १९९० साली बौद्धांची. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. १९९० पर्यंत केंद्राच्या सवलतींपुरता हाच पेच आपल्या बौद्ध बांधवांपुढेही होता, हे आपल्या मराठवाड्यात तरी कोणाला समजावून सांगायला नको. २००७ साली न्यायमूर्ती रंगनाथ मिश्रा आयोगाने धर्माची ही अट काढून टाकावी अशी शिफारस केली. सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून याचिका आहेत. २०२२ साली माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक आयोग नेमला गेला. एवढे सगळे होईपर्यंत मुलांच्या दोन-तीन पिढ्या महाविद्यालयाच्या दारातून आत गेल्या किंवा दारातूनच परतल्या.

आणि म्हणून आमच्या पुष्कळ घरांत माणसांना दोन नावे आहेत. एक मंडळीच्या नोंदवहीतले आणि एक सरकारच्या कागदावरचे. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जुनी जात आणि जुना धर्म असतो, आणि त्या दाखल्यावरून पुढचे सगळे दाखले निघतात. रविवारी आपण एक असतो आणि सोमवारी तहसिलात दुसरे.

माझ्यावरही ती वेळ आली. वडील सळईच्या कारखान्यात कामाला होते. माझ्या बारावीच्या वर्षी त्यांच्या हाताला इजा झाली आणि काम सुटले. आई बियाण्यांच्या गोदामात बी निवडायला जाऊ लागली. प्रवेशाचे पैसे कसेबसे भरले, पण पुढचे काय, हा प्रश्न होता. त्या वेळी आमचे एक नातलग घरी आले. मनाने अत्यंत चांगला माणूस. त्यांनी जुन्या दाखल्याची झेरॉक्स माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, "हे बघ, यावर सगळं बरोबर लिहिलेलं आहे. तू काही नवीन लिहायचं नाहीस. आहे तेच लिहायचं."

मी म्हणालो, "पण मामा, आपण तर चर्चला जातो."

"अरे, मग जा की! कोण नको म्हणतंय? देव काय फॉर्म वाचीत बसतो का?"

आई काहीच बोलली नाही. तिने नुसते माझ्याकडे पाहिले. मामांच्या बोलण्यापेक्षा ते पाहणे मला अधिक जड गेले.

दुसऱ्या दिवशी मी संगणक केंद्रात गेलो आणि अर्ज भरायला बसलो. खोटे कशाला बोलू, धर्माच्या रकान्यातसुद्धा मी मामांनी सांगितले तेच निवडले. शेवटच्या पानापर्यंत गेलो आणि सर्व्हर बंद पडला. केंद्रवाल्याने सांगितले, उद्या सकाळी या. मी काही शूर नव्हतो. यंत्र चालू असते तर अर्ज त्याच संध्याकाळी गेला असता, आणि हा लेख लिहिण्याचा अधिकार मला राहिला नसता. मला एक रात्र मिळाली, एवढेच. मोहाला नेहमी घाई असते. तो आजच, आत्ता, शेवटची तारीख म्हणतो. एक रात्र मध्ये पडली तरी पुष्कळ गोष्टी वेगळ्या दिसतात.

त्या रात्री मला बेथेल या नावाची आठवण झाली. बेथेल म्हणजे देवाचे घर. हे नाव पवित्र शास्त्रातील याकोबाच्या गोष्टीतून आले आहे. लहानपणी शिडीवरून चढणारे-उतरणारे देवदूत तेवढे माझ्या लक्षात राहिले होते. तो त्या रानात दगड उशाला घेऊन का निजला होता, हे मी विसरलो होतो. तो पळून आला होता, आणि पळून आला होता तो खोटे नाव सांगून. त्याचा बाप इसहाक म्हातारा झाला होता, त्याला दिसत नव्हते. आशीर्वाद थोरल्या मुलाला, एसावाला, द्यायचा होता. याकोबाच्या आईने याकोबाच्या अंगावर एसावाचे कपडे घातले, हातांना आणि मानेला करडांची कातडी बांधली आणि त्याला आत पाठवले. आंधळ्या बापाने विचारले, तू कोण? मुलाने भावाचे नाव सांगितले. म्हाताऱ्याने हात चाचपून पाहिले. आवाजाविषयी त्याला शंका आली, पण हात केसाळ लागले, म्हणून त्याने आशीर्वाद दिला.

दाखला म्हणजे करडाचे कातडेच की! सरकारही चाचपूनच पाहते. कागद बरोबर लागला, की आवाज कोणाचा आहे हे कोण विचारतो?

आणि ह्या गोष्टीत आईसुद्धा होती. ती दुष्ट नव्हती. मुलाचे भले व्हावे एवढेच तिला हवे होते. तरी त्या एका खोट्या नावामुळे याकोबाला घर सोडावे लागले, आणि त्या आईची आणि मुलाची पुन्हा भेट झाल्याचा उल्लेख शास्त्रात नाही.

वीस वर्षे परमुलखात काढून याकोब परत निघाला. वाटेत नदीच्या उताराशी रात्रभर कोणीतरी त्याच्याशी झुंजले. पहाट होऊ लागली तेव्हा याकोबाने त्याला धरून ठेवले आणि पुन्हा तेच मागितले: आशीर्वाद. तेव्हा समोरच्याने आशीर्वाद देण्याआधी त्याला त्याचे नाव विचारले. मला ही जागा फार महत्त्वाची वाटते. देवाला त्याचे नाव ठाऊक नव्हते काय? पण मागच्या वेळी आशीर्वाद मागताना त्याने दुसऱ्याचे नाव सांगितले होते. ह्या वेळी त्याने आपले खरे नाव सांगितले आणि तो लंगडत का होईना, नवा माणूस होऊन घरी गेला.

मामांच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या रात्री मिळाले असे वाटते. देव फॉर्म वाचीत नसेल, पण तो नाव विचारतो.

सकाळी मी अर्ज रद्द केला. पुढे काय झाले हेही सांगितले पाहिजे, नाहीतर ही गोष्ट साक्षीच्या सभेतल्या गोष्टींसारखी फार गोड होईल. माझ्यासाठी आकाशातून काही पडले नाही. फी हप्त्याने भरली, त्यासाठी एका प्राध्यापकांनी शब्द टाकला. सुट्टीत मी गोदामात पोती उचलली. मामा वर्षभर आमच्या घरी आले नाहीत. वसतिगृहात जागा मिळालेल्या मित्रांना पाहून आजही कधी कधी माझ्या मनात येते, आपण मूर्खपणा तर केला नाही? विश्वासू राहण्याचा निर्णय एकदा घेऊन संपत नाही. दर जून महिन्यात तो पुन्हा घ्यावा लागतो.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. मित्र म्हणतात, "जो कायदा माणसाची जात त्याच्या धर्मावरून मोजतो, तो कायदाच मुळात अन्यायाचा. अन्यायी कायद्याशी खरे बोलण्याचे बंधन कशाला?" हा विचार मी पुष्कळ दिवस करीत आलो आहे. कायदा बदलावा असे माझेही मत आहे. बाप्तिस्म्याच्या पाण्याने दारिद्र्य धुऊन जात नाही आणि गावाची नजरही बदलत नाही. पण अन्यायाशी लढणे आणि अन्यायाला चुकवणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याची दोन उदाहरणे न्यायालयाच्या निकालांतूनच सापडतात. मद्रास शहरात रस्त्याच्या कडेला बसून चपला शिवणारा सुसाई नावाचा एक चांभार होता. जन्माने आदिद्रविड, धर्माने ख्रिस्ती. सरकारने रस्त्यावरच्या चर्मकारांना फुकट टपऱ्या देण्याची योजना काढली. शेजारी बसणाऱ्यांना टपरी मिळाली, सुसाईला ख्रिस्ती म्हणून मिळाली नाही. धंदा तोच, रस्ता तोच, ऊन तेच. त्याने धर्म लपवला नाही. तो आपल्या खऱ्या नावाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८५ साली त्याची याचिका फेटाळली गेली. धर्मांतरानंतरही तितकीच हलाखी टिकून राहते हे पुरेशा पुराव्यानिशी दाखवले गेले नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. सुसाई हरला. पण आजही ह्या प्रश्नावर वाद निघाला, की कायद्याचे अभ्यासक त्या रस्त्यावरच्या चांभाराचे नाव घेतात.

दुसरे उदाहरण २०२४ सालचे. पुदुच्चेरीच्या एका स्त्रीने सरकारी नोकरीसाठी आपण हिंदू अनुसूचित जातीच्या असल्याचा दाखला मागितला. तिचा बाप्तिस्मा बालपणीच झाला होता आणि ती नियमाने चर्चला जात होती, असे चौकशीत निष्पन्न झाले. सर्वोच्च न्यायालयाने तिची मागणी नाकारली आणि केवळ आरक्षणासाठी असा दावा करणे ही संविधानाची फसवणूक आहे, असे म्हटले. त्या बाईंवर मी दगड उचलणार नाही. ज्या हाताने मी अर्ज शेवटच्या पानापर्यंत भरला, त्या हाताने मी दगड कसा उचलू? पण दोघांच्या पराभवात फरक आहे. सुसाईच्या पराभवाने प्रश्न उघडा राहिला. दुसऱ्या पराभवाने, आमचे लोक लबाड आहेत, असे म्हणणाऱ्यांच्या हातात काठी दिली. शिवाय आम्ही सगळेच कागदावर दुसऱ्या नावाने राहिलो, तर आमची संख्या किती, आमचे दारिद्र्य किती, हे कुठल्या आयोगाला कसे दिसणार? जो मोजलाच जात नाही त्याला न्याय तरी कसा मिळावा?

ज्याचा ख्रिस्तावर विश्वासच उरला नाही आणि जो उघडपणे परत गेला, त्याच्याविषयी मी बोलत नाही. तो त्याचा हक्क आहे, आणि त्याच्या प्रामाणिकपणाचा मी आदर करीन. माझे म्हणणे आहे ते दोन्हीकडे पाय ठेवून उभ्या असलेल्या आमच्यासारख्यांविषयी.

आता थोडे मंडळीविषयी. भाकरीचा मोह साधा नसतो. खुद्द प्रभू येशूपुढे रानात पहिला मोह आला तो भाकरीचाच, आणि तो चाळीस दिवसांच्या उपासानंतर आला. भूक खरी होती. प्रभूने भाकरीला वाईट म्हटले नाही. पुढे त्याने हजारोंना भाकरी वाटली, ती स्वतःच्या हाताने वाटली. म्हणून केवळ भुकेल्याला 'मोहाला बळी पडू नकोस' असे सांगून मंडळीचे कर्तव्य संपते असे मला वाटत नाही. आमच्या उपासनेत मोहाविषयी इतके बोलले जाते, पण ह्या रकान्याविषयी एकही उपदेश मी ऐकलेला नाही. सगळ्यांना ठाऊक असते आणि सगळे गप्प असतात. ज्यांची मुले शहरात शिकून स्थिरावली ते पुढच्या बाकावर बसतात, आणि खोट्या नावाची लाज मागच्या बाकावरचे एकटेच वाहतात. सुगीच्या उपासनेत आपण धान्य, कोंबड्या, भाज्या आणून लिलाव करतो. त्यातला एक वाटा गरीब विद्यार्थ्यांच्या फीसाठी काढून ठेवता येणार नाही काय? रक्कम मोठी होणार नाही, पण अर्ज भरायला बसलेल्या मुलाला आपण एकटे नाही एवढे तरी कळेल.

भाकरीचा मोह उलट्या बाजूनेही येतो, हेही विसरता कामा नये. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, तेव्हा लक्ष्मीबाईंपासून कित्येक वर्षे दूर राहण्याचे दुःख त्यांनी सोसले. पुढे १९१७ साली त्यांनी मिशनची पगाराची नोकरीही सोडली आणि स्वतंत्रपणे कार्य सुरू केले. धर्म सोडण्यासाठी मिळणारी भाकरी जशी मोह होऊ शकते, तशी धर्मात राहण्यासाठी मिळणारी भाकरीही होऊ शकते, हे त्या कवीला उमगले असावे. आमच्या पूर्वजांवर 'भाकरीसाठी बाटले' असा आरोप होत आला आहे. त्याला उत्तर देण्याचा एकच मार्ग मला दिसतो. भाकरीसाठी आम्ही आत आलो नाही, आणि भाकरीसाठी बाहेरही जाणार नाही.

माझ्या हिंदू, बौद्ध आणि मुसलमान मित्रांना वाटेल, हा लेख आमच्यासाठी नाही. पण तसे नाही. वीस एकर बागायत असलेल्या घरातला मुलगा उत्पन्नाचा दाखला आणतो, त्यावर किती रक्कम असते? परीक्षेच्या हॉलमध्ये बाकाखालून येणारी चिठ्ठी घेताना आपण कोणत्या नावाने उत्तरपत्रिका लिहीत असतो? स्वागत समारंभात हुंड्याविरुद्ध भाषण करून टाळ्या घेणारा मित्र पुढे बैठकीत वडिलांच्या मागे गप्प बसतो, तेव्हा त्याची नावे किती? रकाना प्रत्येकाचा वेगळा, थांबण्याची जागा एकच.

समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब आपल्याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात आहे. लग्नाच्या अंतरपाटापुढे 'सावधान' हा शब्द ऐकताच बारा वर्षांचे नारायण मंडपातून निघून गेले, ही कथा आपण सर्वांनी बालपणी ऐकली आहे. तो शब्द त्या मांडवात सगळ्यांनीच ऐकला होता. तो रोजचाच होता, म्हणून बाकीच्यांनी त्याकडे लक्ष दिले नाही. येशूनेही अखेरच्या रात्री बागेत आपल्या शिष्यांना जागे राहायला सांगितले होते, आणि ते झोपी गेले. त्यांच्यापैकी पेत्राने कोंबडा आरवण्यापूर्वी तीन वेळा आपल्या गुरूची ओळख नाकारली. त्यालाही कोणी सैनिकाने तलवार दाखवून विचारले नव्हते. अंगणातल्या शेकोटीपाशी एका दासीने सहज विचारले, तूही त्याच्याबरोबर होतास ना? मोठ्या प्रसंगासाठी आपण तयारी करून बसतो आणि सहज विचारलेल्या प्रश्नाला फसतो.

तरी पेत्राची गोष्ट तिथे संपली नाही, आणि याकोबाचीही संपली नाही. हे मी त्या मित्रांसाठी लिहितो आहे ज्यांचा अर्ज गेलेला आहे, पैसे खर्च झालेले आहेत आणि ज्यांना रविवारी मान वर करणे जड जाते. मला तुमच्याकडे पाहून बोट दाखवायचे नाही. माझ्यात आणि तुमच्यात एका बंद पडलेल्या यंत्राचा फरक आहे. पण याकोबाला वीस वर्षांनंतरही प्रश्न तोच विचारला गेला आणि खरे उत्तर द्यायला उशीर झाला असे त्याला कोणी म्हटले नाही.

येत्या जूनमध्ये मी पुन्हा त्या केंद्रात जाणार आहे. वडिलांचा हात अजून पुरता बरा झालेला नाही. गेल्या महिन्यात मामाही घरी येऊन गेले, चहा घेतला, दाखल्याविषयी कोणीच काही बोलले नाही. निघताना मात्र त्यांनी आईच्या हातावर पाचशे रुपये ठेवले आणि म्हणाले, "पोराच्या फॉर्मला होतील." कोणत्या फॉर्मला, हे त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.